सुयाकी की याकिशिमे? बिनग्लेझच्या दोन जपानी कुंड्या

जपानी बोन्सायच्या फोटोत जुन्या पाइनखाली तपकिरी नाहीतर काळपट, अजिबात चकाकी नसलेली मोठी कुंडी दिसते ना, ती बघून बरेच जण म्हणतात "अरे ही तर आपली मातीचीच कुंडी", आणि मग पुढचं सगळंच चुकतं, पाणी किती घालायचं इथपासून ते हिला एवढी किंमत का इथपर्यंत.

जपानमध्ये बिनग्लेझच्या, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर नसलेल्या, कुंड्या दोन जातीच्या असतात. सुयाकी साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजतात, याकिशिमे ११०० च्या वर, पार १२०० च्या आसपास. ग्लेझ दोघींवर नाही, दोघी मातीच्याच, फरक सगळा आचेचा. कमी आचेत मातीचे कण एकमेकांना नुसते चिकटतात आणि मधे बारीक भोकं राहतात, म्हणून सुयाकी माठासारखी पाझरते, मुळं गार राहतात आणि माती भराभर सुकते. जास्त आचेत मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि ती भोकं बुजतात.

आइची प्रांतातलं तोकोनामे हे याकिशिमेचं फार जुनं केंद्र, तिथल्या लोहयुक्त मातीच्या लाल चहाच्या किटल्या प्रसिद्ध आहेत, त्यांना ग्लेझ नसतं तरी चहा एक थेंब पाझरत नाही! त्यामुळे "बिनग्लेझ म्हणजे श्वास घेणारी कुंडी" हे याकिशिमेबद्दल बोलणं आता बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. तिच्यात मुळांना हवा मिळते ती तळाच्या भोकांतून आणि आकादामासारख्या दाणेदार मातीतून, भिंतीतून नाही. म्हणजे सुयाकीतून याकिशिमेत झाड हलवलं आणि पाणी पूर्वीएवढंच घालत राहिलात तर मुळं कुजू शकतात.

वाढत्या वयाचं झाड सुयाकीत छान पोसतं, तिथे तिला तोड नाही. पण तयार झालेलं मोठं झाड वर्षानुवर्षं एकाच कुंडीत उघड्यावर राहतं, जपानच्या थंडीत सुयाकीच्या भिंतीत मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. याकिशिमेत पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल, वर वजनही पेलते, म्हणून फोटोतली ती मोठी कुंडी बहुधा याकिशिमेच असते.

दुकानात ओळखायचं असेल तर कोरड्या तळावर पाण्याचा थेंब टाका, सुयाकी लगेच पिऊन टाकते. बोटाने टकटक केलं तर याकिशिमे खणखणते, सुयाकीचा आवाज बद्द येतो.

आता किंमत. जेवढी आच जास्त तेवढी माती जास्त आकसते, आणि मोठ्या कुंडीत हेच सगळ्यात अवघड. वाळताना आणि भाजताना मिळून १२ टक्के आकसली असं धरलं तर ६० सेंटीमीटरच्या कुंडीसाठी ओली माती जवळपास ६८ सेंटीमीटरची घडवावी लागते, त्यात हाताने घडवलेली चौकोनी कुंडी म्हणजे मातीच्या पाट्या जोडून केलेली, कोपऱ्यातला सांधा आधी सुकला की तडा गेलाच, म्हणून झाकून ठेवून अगदी सावकाश वाळवतात, आणि एवढं करून भट्टीत सपाट तळ खाली बसू शकतो किंवा लांब भिंत वाकू शकते. म्हणून अशा कुंडीची कड किंचित वाकलेली दिसली तर लगेच नाकारू नका, ती पायांवर डुगडुगत नाही ना आणि तळात पाणी साचत नाही ना एवढं मात्र नक्की बघून घ्या.