रकान्यात फोटो ठेवताना

रिलेशनल डेटाबेस माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यात ठेवतो, आणि तिथे नाव, तारीख, रक्कम सुखाने नांदतात. फोटो ठेवायला गेलो, की पहिल्याच बाइटला (फाइलमधल्या ० ते २५५ मधल्या एका आकड्याला) अडते. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या प्रकारातल्या फाइलचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीतल्या मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नसल्यामुळे मजकुराच्या रकान्यात तो जसाच्या तसा घातल्यास पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस तो साफ नाकारतो.

यावरचा जुना तोडगा म्हणजे बेस६४. तीन बाइटांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत तोडायचे आणि ० ते ६३ मधल्या प्रत्येक किमतीसाठी ठरलेले एक साधे चिन्ह लिहायचे. वरच्या बाइटांचे गट ६३, ६१, ३५, ६३ असे पडतात, म्हणजे तिरकी रेघ, नऊ, छोटा जे आणि पुन्हा तिरकी रेघ. रकान्यातली प्रत्येक नोंद याच चार चिन्हांनी सुरू होत असेल, तर आत बहुधा जेपेग आहे हे ओळखता येते. (अनेकांना ही गुप्तलिपी वाटते, ती अजिबात तशी नाही.) तीन बाइटांची जागा चार चिन्हे घेत असल्याने ३० लाख बाइटांचा फोटो ४० लाखांवर जातो.

माझ्या मते हा भुर्दंड बहुतेक वेळा विनाकारण सोसला जातो, कारण कच्च्या बाइटांसाठी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ब्लॉब आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये बाइटए हे रकाने आहेतच. मात्र तो डेटा क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, वाक्यात न चिकटवता पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवावा लागतो. नाहीतर फोटोतला ३९ क्रमांकाचा बाइट, म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह, वाक्य मध्येच तोडतो. शिवाय मायएसक्यूएलच्या साध्या ब्लॉबची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे, आणि कडक तपासणी बंद असल्यास त्यापुढचा भाग केवळ इशारा देऊन कापला जातो. मग फोटोची वरची पट्टी तेवढी दिसते, खाली सगळे राखाडी.

फाइल बाहेर ठेवून तक्त्यात फक्त तिचा पत्ता लिहावा का, याचे उत्तर आकारावर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये केलेल्या तुलनेत २५६ केबीपेक्षा लहान वस्तूंसाठी डेटाबेस सरस ठरला, तर एक एमबीच्या पुढे फाइलप्रणाली. बाहेरची फाइल मात्र ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करणाऱ्या व्यवहाराच्या, कक्षेत येत नाही: व्यवहार रद्द झाला तर पुसलेली ओळ परत येते, पुसलेली फाइल येत नाही.