जास्वंदीवरचा पांढरा कापूस आणि त्यात लपलेला मित्र

थंडी सरली, ऊन तापायला लागलं की जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागतो. आधी एखाद्या कळीच्या देठाशी जरासा, मग बघता बघता पूर्ण शेंडा माखलेला, कळ्या न उमलताच गळतायत, खालच्या पानांना हात लावला तर चिकट लागतंय आणि कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग वर चाललेली. हा मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला की तो एक बाटली हातात ठेवतो, शेजारच्या काकू तंबाखूचं पाणी मार म्हणतात, युट्युबवर कोणीतरी हळद-हिंग-ताक सांगतं, आणि एका रविवारी आपण हे सगळंच एकामागून एक मारून मोकळे होतो. पंधरा दिवसांत कापूस परत हजर.

माझं म्हणणं एवढंच की फवारा उचलायच्या आधी दोन गोष्टी बघा, मुंग्या कुठून येतायत ते, आणि तो पांढरा दिसतोय तो खरंच ढेकूणच आहे का ते. दुसरं जरा विचित्र वाटेल, त्यावर येतेच.

आधी हा प्राणी जगतो कसा ते बघू. पानांमध्ये तयार झालेली साखर झाडभर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, पिठ्या ढेकूण आपली सोंड त्यात खुपसतो आणि बसल्या जागी रस पीत राहतो. पण ह्या रसात साखर भरपूर आणि प्रोटीन बनवायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी, म्हणजे पोटापुरतं मिळवायचं तर खूप प्यावं लागतं आणि जास्तीची साखर मागून टाकून द्यावी लागते. पानं चिकट होतात ती ह्यामुळे. ह्या चिकट पाण्यावर मग काळी बुरशी चढते, पान काजळी फासल्यासारखं दिसतं, आणि लोक घाबरून बुरशीनाशक आणतात. ती काजळी पानाच्या आत शिरत नाही हो, ती नुसती वरच्या साखरेवर जगते. ऊन अडवते एवढाच तिचा त्रास, ओल्या फडक्याने पुसली तरी बरीचशी निघते आणि ढेकूण गेले की नवीन येत नाही. बुरशीनाशकाचे पैसे वाचवा.

अमिनो आम्लांची जी कमतरता राहते ती हा कीटक कशी भरून काढतो हे मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात भन्नाट वाटतं. लिंबूवर्गीय झाडांवर जो पिठ्या ढेकूण येतो त्याच्या शरीरातल्या खास पेशींत ट्रेम्ब्लाया नावाचा बॅक्टेरिया राहतो, आणि त्या बॅक्टेरियाच्या आत अजून एक बॅक्टेरिया, मोरानेला. बॅक्टेरियाच्या पोटात बॅक्टेरिया! हे २००१ मध्ये समजलं, नंतर त्यांचे जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) वाचले तेव्हा दिसलं की ट्रेम्ब्लायाचा जीनोम जेमतेम १ लाख ३९ हजार अक्षरांचा आहे (आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा साधारण ४६ लाखांचा असतो), इतका तुटपुंजा की त्याला एकट्याला जगताच येणार नाही. एकेक अमिनो आम्ल बनवायच्या पायऱ्या तिघांनी वाटून घेतल्यायत, काही कीटकाकडे, काही बाहेरच्याकडे, काही आतल्याकडे. आणि आपण त्याच्यावर ताक मारतोय.

असो. मादीला पंख कधीच येत नाहीत, ती आयुष्यभर त्या मेणचट पांढऱ्या पिठात राहते आणि कापसासारख्या पिशवीत काहीशे अंडी घालते. नराला मात्र पंख असतात पण मोठा झाल्यावर तोंडच नसतं, काही दिवस जगतो, मादी शोधतो, संपला. अंड्यातून निघालेली पिल्लं मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर-गुलाबी, आणि सुरुवातीला त्यांच्या अंगावर मेण जवळजवळ नसतंच. ती चालत नवीन शेंडा शोधतात, वाऱ्याने शेजारच्या कुंडीत जातात, आपल्या कात्रीवर आणि बोटांवर बसून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. उन्हाळ्यात अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत साधारण महिनाभर लागतो. एकदा फवारून काम का होत नाही ह्याचं उत्तर इथेच आहे, कारण मोठ्या मादीला मेण वाचवतं, अंड्यांना ती पिशवी वाचवते, मरतात ती फक्त उघडी पिल्लं, आणि आठवड्यात नवीन पिल्लं बाहेर. जोरदार पावसात ही पिल्लं धुऊन जातात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्रास आपोआप कमी होतो आणि फेब्रुवारी ते मे वाढतो. बंद गॅलरीत, जिथे पाऊस पोचतच नाही, तिथे वर्षभर.

जास्वंदीवर येणारी एक जात गुलाबी मिलीबग म्हणून ओळखली जाते, चिरडला तर आतून गुलाबीसर निघतो. ह्याची लाळ झाडाला बाधते, त्यामुळे शेंडा चुरगळतो, पानं एकमेकांत गोळा होतात आणि बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला, चुरडा-मुरडा झाला, झाडच उपटावं. उपटू नका, चुरगळलेला शेंडा उलगडून आत बघा, पांढरं पीठ सापडलं तर रोग नाही, कीड आहे. हाच नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांचा जुना वैरी. तिथे तो खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडून बसतो आणि मणी भरायला लागले की घडात शिरतो, घड चिकट आणि काळा, मग तो माल एक्स्पोर्टला कोण घेणार. त्यामुळे बागायतदार खोडाची मोकळी साल काढून टाकतात. तुमच्या जास्वंदीचं खोड जुनं असेल तर त्याच्याही भेगांमध्ये एकदा टॉर्च मारून बघा.

आता मुंग्या. त्यांना ते गोड पाणी हवं असतं आणि त्यासाठी त्या ढेकणांची अक्षरशः राखण करतात. एखादा भक्षक कीटक आला की त्याला चावून हाकलतात, परोपजीवी माशीला (ही गांधीलमाशीच्या गोतातली, अगदी बारीक) ढेकणाच्या अंगात अंडी घालू देत नाहीत, काही मुंग्या तर पिल्लांना उचलून नवीन शेंड्यावर नेऊन ठेवतात. मुंग्या ढेकूण खायला येतात, येऊ देत, असा एक गोड गैरसमज आहे, तो सोडून द्या. मुंग्या बंद केल्या की पुष्कळदा निम्मं काम तिथेच होतं, कारण मग बाकीचे कीटक आपलं काम करायला मोकळे होतात. कसं करायचं? कुंडी भिंतीला, ग्रिलला, शेजारच्या झाडाला टेकलेली नको, एकही फांदी पूल बनता कामा नये. मोठ्या जास्वंदीच्या खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून त्यावर पेट्रोलियम जेली लावा (थेट सालीला नको), लहान कुंडी असेल तर तिच्याखाली विटेचा तुकडा ठेवून ती साबणाच्या पाण्याच्या थाळीत उभी करा. साबणाचंच पाणी हं, साध्या पाण्यात डासांची अंडी पडतील आणि मिलीबग घालवायच्या नादात डेंग्यू घरात.

आणि आता ती विचित्र गोष्ट. त्या पांढऱ्या कापसात कधीकधी एक जरा मोठा, जास्तच झिपऱ्या-झिपऱ्यांचा, पांढऱ्या मेणाच्या लांब शेंड्या लोंबणारा किडा दिसतो. हा सगळ्यात मोठा मिलीबग दिसतोय म्हणून पहिला तोच चिरडला जातो. तो मिलीबग नसून मिलीबग खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असू शकते, नाव क्रिप्टोलीमस. अंगावर तसंच मेण बाळगून ती मुंग्यांच्या पहाऱ्यातून ढेकणांमध्ये घुसते आणि अंडी, पिल्लं, मोठे, सगळं खात सुटते. ओळखायची खूण सोपी आहे, काडीने हलकं डिवचायचं. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, हललाच तर रखडत, ही अळी मात्र भराभर चालायला लागते. शिवाय पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच लांब होते, मिलीबग ३-४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. तिचे आईबाप म्हणाल तर काळपट गोल छोटे भुंगेरे, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ मध्ये अल्बर्ट कोबेले ह्या कीटकतज्ज्ञाने तो कॅलिफोर्नियात नेला आणि १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी. ती कीड त्याने काही आटोक्यात आणली नाही, पण दक्षिणेत तो रुळला आणि पिठ्या ढेकणावर त्याचं उत्तम भागलं. आज प्रयोगशाळांमध्ये तो वाढवतात ते लाल भोपळ्यावर! अख्खा भोपळा घ्यायचा, त्यावर मिलीबग पोसायचे, पांढराफटक झाला की त्यात भुंगेरे सोडायचे. द्राक्ष, पेरू, सीताफळाच्या बागांसाठी असे भुंगेरे मिळतात. चार कुंड्यांसाठी विकत आणायची गरज नाही, झाडावर आपणहून आले तर मारू नका इतकंच.

मित्रकीटक म्हटलं की लोकांना हे जरा पुस्तकी वाटतं, म्हणून पपईचं उदाहरण सांगते. पपईवरचा पिठ्या ढेकूण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, तिथे त्याला खाणारे भरपूर असल्याने तो फार डोकं वर काढत नाही. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, आणि इथे त्याला ओळखणारं कोणीच नव्हतं. पपई, टॅपिओका (साबुदाण्याचा कंद), तुती, जास्वंद, इतकंच काय गाजर गवतावरसुद्धा तो पसरला. तुतीवर औषध मारावं तर तीच पानं रेशमाच्या अळ्यांना घालायची, म्हणजे अळ्या मरणार. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं मारली, उपयोग बेताचाच. मग २०१० मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बेंगळुरूमधल्या संस्थेने (आजचं नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) पोर्तो रिकोहून ३ जातींच्या परोपजीवी माश्या मागवल्या, आधी क्वारंटाइनमध्ये तपासल्या आणि मग शेतात सोडल्या. त्यातली असेरोफॅगस पपायी ही सगळ्यात कामाची निघाली, मिलिमीटरभरही नसते, ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आतली अळी ढेकणाला पोखरते आणि उरतं ते कडक कवच. ज्या किडीपुढे औषधांनी हात टेकले होते ती ह्या माशीने पुढच्या वर्षभरात बऱ्याच ठिकाणी आटोक्यात आणली, पुण्याकडच्या पपईतही ही माशी सोडली गेली. म्हणून तुमच्या झाडावर फुगलेले, तपकिरी, कडक झालेले, बारीक भोक पडलेले ढेकूण दिसले तर ती फांदी कापू नका. तिथे कोणीतरी आधीच कामाला लागलंय.

बरं, सगळं नैसर्गिकावर सोडून हातावर हात धरून बसा असं मी म्हणत नाहीये. एखाददुसरा शेंडा माखला असेल तर तो कापा, पिशवीत बांधून फेका, कुंडीत टाकू नका. राहिलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून. कोपऱ्यात बसलेल्यांना मेडिकलमधलं स्पिरिट कापसाच्या काडीने नेमकं लावा, मेण विरघळतं आणि कीटक सुकतो, फक्त आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी बघा. त्याने भागलं नाही तर १ लिटर पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड सोप. साबण पोटात जाऊन मारत नाही, तो अंगाला लागला तर मेणाचा थर आणि पेशींची आवरणं मोडतो, आणि तेही ओला असेपर्यंतच, म्हणजे वाळला की खेळ खलास. त्यामुळे झाडावर शिंपडून उपयोग नाही, ढेकूण भिजला पाहिजे. संध्याकाळी मारा, दर ५-७ दिवसांनी, तीन-चार वेळा, म्हणजे अंड्यांतून निघणारी प्रत्येक खेप सापडते. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात.

कडुनिंबाचं तेल चांगलं आहे पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळी झाडं ओरबाडली पण कडुनिंब तसाच सोडला, हे हाइनरिश श्मुटेरर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं आणि तिथून त्याच्यावरचं संशोधन जोरात सुरू झालं. त्यातला अझाडिरेक्टिन हा घटक कीटकाची भूक मारतो आणि कात टाकण्याच्या हार्मोनमध्ये गडबड करतो, म्हणजे आज मारलं की उद्या पटापट मेले असं होणार नाही, पिल्लं मोठी होता होता अडकतात. उन्हात तो लवकर नासतो. बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम लिहिलेलं असतं, ते अझाडिरेक्टिनचं प्रमाण (दहा लाख भागांत किती), तेव्हा तिन्ही बाटल्यांचा डोस एकच कसा असेल, लेबल वाचा. साधं तेल असेल तर लिटरला ५ मिली, पण आधी साबणात फेटून, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटचा फवारा नुसता तेलाचा निघतो.

तंबाखूच्या पाण्याला मात्र माझा ठाम नकार. निकोटीन हे खरोखरचं विष आहे, कातडीतून शरीरात जातं, मित्रकीटकांनाही मारतं, आणि तंबाखूतून मोझॅक व्हायरस शेजारच्या टोमॅटो-मिरचीला मिळू शकतो. नर्सरीवाल्याचं आंतरप्रवाही औषधही फुलझाडाला शक्यतो नको, ते रसातून फुलापर्यंत पोचतं, आणि जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर येतात, आपण स्वतः त्या फुलांचं तेल काढतो, चहा करतो.

खताचंही एक आहे. फुलं येत नाहीत म्हणून युरिया ओतला की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि रसातली अमिनो आम्लं वाढतात, म्हणजे ढेकणाची जी एकच अडचण होती तीही आपणच सोडवून दिली. थोडं कमी घाला, काही बिघडत नाही.

आणि एवढं सगळं करूनही झाड मलूलच असेल, वर काही दिसत नसेल, तर कुंडी उलटी करून मुळं बघा. मुळांवरही मिलीबग असतात, मातीच्या गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते. ती माती टाकून द्या, मुळं धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा आणि नव्या मातीत लावा. नर्सरीतून आणलेलं नवं रोप तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं तेही ह्याचसाठी, अंडी असतील तर तेवढ्यात फुटतात आणि दिसायला लागतात.