खंडयुक्त खातेक्रमांक

खंडयुक्त खातेक्रमांक : सर्वसाधारण खतावणीतील (जनरल लेजर) खात्याचा ठरावीक तुकड्यांत बांधलेला क्रमांक. '५२१०-०२-३०' यात ५२१० म्हणजे वीजबिल, ०२ म्हणजे बडोद्यातल्या मांडवीचे दुकान आणि ३० म्हणजे विक्री विभाग. प्रत्येक खंड एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. एका खंडात दोन प्रश्न कोंबले की पुढे अहवाल निघत नाहीत.

बडोद्यातल्या मराठी हिशेबनिसाला रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) या शब्दांइतकेच गुजराती 'नामुं' (हिशेब)ही ओळखीचे असते. दिवाळीत चोपडापूजन होते, हिशेबाचे वर्ष मात्र १ एप्रिलला उघडते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कारखाना, मांडवीला दुकान आणि मुंबईत शाखा, अशी एक पेढी धरू. खर्च-उत्पन्नाची ६० खाती, ३ ठिकाणे, ४ विभाग. खाते, ठिकाण आणि विभाग यांच्या प्रत्येक जोडीचे वेगळे नाव लिहायचे तर ७२० नावे होतात; खंड पाडले की ६७ संकेत पुरतात. कारखान्यात विक्री विभागच नसेल तर ती जोडी उघडूच नये.

मूळ खात्याचे आकडे सलग देऊ नयेत, मध्ये जागा सोडावी. आकड्यालाच अर्थ देण्याचा उत्तम नमुना सरकारी हिशेबात सापडतो. भारतातील शासकीय लेखाशीर्ष सहा पायऱ्यांचे व १५ अंकी असते. त्यातल्या पहिल्या चार अंकांत शिक्षणाची जमा ०२०२, महसुली खर्च २२०२ आणि भांडवली खर्च ४२०२. पहिला अंक पाहिला की रकमेची जात कळते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरपैकी ओरॅकलमध्ये ३० पर्यंत खंड पाडता येतात, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स जीपीमध्ये १०. लहान पेढीला तीन पुष्कळ झाले. ग्राहक, पुरवठादार किंवा एकेक काम यांच्यासाठी खंड काढू नये. त्यांची उपखतावणी वेगळी असते.

खरी कसोटी वर्षअखेरीस लागते. उत्पन्न-खर्चाची खाती तेव्हा शून्यावर येतात आणि शिल्लक संचित नफ्यात जाते. ती एकाच खात्यात जायची की ठिकाणवार तीन खात्यांत, हे पहिली नोंद पडण्यापूर्वीच ठरवावे लागते. प्रत्येक ठिकाणाचा स्वतंत्र ताळेबंद हवा असेल तर तीन खाती लागतात, आणि मग प्रत्येक नोंद त्या त्या ठिकाणापुरतीही जुळली पाहिजे. मांडवीचे वीजबिल मकरपुऱ्याच्या बँकखात्यातून भरले, तर मध्ये आंतरशाखा खाते (ठिकाणांमधल्या देण्याघेण्याचे खाते) येते. ते विसरले की एकूण तेरीज जुळते, पण दुकानाची आणि कारखान्याची एकेकटी जुळत नाही. असा फरक मार्चमध्ये शोधणे फार जिकिरीचे.

मुंबई शाखेसाठी वेगळा संकेत हवाच. जीएसटीत गुजरातची (संकेत २४) आणि महाराष्ट्राची (संकेत २७) नोंदणी वेगळी असते, आणि मकरपुऱ्याहून मुंबईला पाठवलेला मालही करपात्र पुरवठा ठरतो, पैसे घेतलेले नसले तरी.

टॅली या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये खाती नावाने चालतात, खंडयुक्त क्रमांकाची सक्ती नसते. तिथे ठिकाण आणि विभाग 'कॉस्ट सेंटर'मध्ये (खर्च कुठला, ते दाखवणारे शीर्षक) घालतात आणि खर्चाचे खाते एकच राहते. जुन्या नावांची चालू खतावणी मोडायची नसेल तर ही वाट सोपी पडते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची माग राहणे बंधनकारक आहे. म्हणून नवे खंडयुक्त क्रमांक घ्यायचे झाल्यास जुनी खाती पुसत न बसता त्यांत नव्या नोंदी बंद कराव्यात आणि नव्या वर्षाच्या आरंभीच्या शिलका नव्या क्रमांकांवर आणाव्यात.