तीनशे, शंभर, पुन्हा तीनशे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेतला एक आकडा सगळ्यात जास्त गाजला: ३००. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी किंवा कारखाना कायमचा बंद करण्यासाठी आता सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी ही मर्यादा १०० होती. एकीकडून ‘ऐतिहासिक सुधारणा’ म्हणून स्वागत झालं, दुसरीकडून ‘हायर अँड फायर’ म्हणून निषेध. या गदारोळात हरवलेली गोष्ट अशी की ३०० हा आकडा मुळीच नवा नाही. परवानगीचा हा नियम १९७६ साली, भर आणीबाणीत, पहिल्यांदा आला तेव्हा मर्यादा ३०० चीच होती. जवळजवळ पन्नास वर्षं भांडून आपण निघालो तिथेच पोचलो आहोत.

या भांडणात मुक्त बाजाराची बाजू मांडणारे नेमकं काय म्हणत आले, हे थोडं मागे जाऊन पाहायला हवं. मुक्त बाजार म्हणजे युनियनला विरोध, असं समीकरण आपल्याकडे रूढ आहे. मूळ मांडणी तशी नव्हती. इंग्लंडमध्ये १७९९ आणि १८०० सालच्या कायद्यांनी पगारवाढीसाठी कामगारांनी एकत्र येणं हाच गुन्हा ठरवला होता. ही बंदी १८२४ साली उठली, आणि ती उठवण्यासाठी खटपट केली फ्रान्सिस प्लेस आणि जोसेफ ह्यूम यांनी. दोघेही खुल्या व्यापाराच्या गोटातले. त्याच्या कितीतरी आधी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने लिहून ठेवलं होतं की मजुरी वाढू नये म्हणून मालक आपसांत गुपचूप संगनमत करतात, त्याला कायदा अडवत नाही; मजुरांनी तेच केलं की मात्र अडवतो.

उदारमतवाद्यांचं आणि युनियनचं बिनसलं ते पुढे. १९०१ च्या टॅफ व्हेल खटल्यात संपामुळे झालेलं रेल्वे कंपनीचं नुकसान युनियनने भरून द्यावं, असा निकाल लागला. त्यावर उतारा म्हणून ब्रिटिश संसदेने १९०६ मध्ये युनियनांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिलं. घटनातज्ज्ञ डायसी यांनी तेव्हाच नाराजी नोंदवली, आणि १९६० मध्ये मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक यांनी तोच धागा पुढे नेला. काम थांबवणं हा माणसाचा हक्कच आहे, पण जे इतर कुणी केलं तर भरपाई द्यावी लागते ते एका प्रकारच्या संघटनेने केलं तर माफ का, असा त्यांचा सवाल होता. आक्षेप होता कायद्याने बहाल केलेल्या विशेषाधिकारावर.

आपल्याकडे हा प्रश्न मद्रासमध्ये उभा राहिला. १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन काढली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांमधल्या तंट्यात बिनी कंपनीने वाडियांना कोर्टात खेचलं आणि हायकोर्टाने युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम काढला. युनियन चालवणं हाच कट ठरू शकतो, हे त्यातून दिसलं. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणीकृत युनियनला फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि संपाबद्दलच्या दिवाणी दाव्यांपासून त्यात संरक्षण मिळालं. तत्त्वाने तो १९०६ च्या ब्रिटिश कायद्याचा भाऊबंदच. पण मद्रासच्या खटल्यानंतर हिंदुस्थानात दुसरा कोणता मार्ग शिल्लक होता, याचं उत्तर हायेकपंथीयांकडे मिळत नाही.

त्याआधीची मुंबईची एक हकिकत दोन्ही बाजूंनी आठवण्यासारखी आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून दबाव कोणाचा होता? लँकेशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर स्पर्धा करतात, हे त्यांना खुपत होतं. नियमन अनेकदा प्रतिस्पर्ध्याच्या सोयीसाठी मागितलं जातं, या मुक्त बाजारवाद्यांच्या आवडत्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पण त्या कायद्याने केलं काय? सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायचं नाही आणि बारा वर्षांखालच्यांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मुख्यतः एवढंच. तोही शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या गिरण्यांपुरता. हेतू कोणाचा का असेना, गिरणीतल्या आठ वर्षांच्या पोराच्या दृष्टीने तो कायदा बराच होता.

त्यानंतर नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. सत्यशोधक चळवळीतले लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचं निवेदन दिलं: रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, अपघातात जायबंदी झालेल्याला मदत. १८९० मध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली आणि गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. कायद्यातली साप्ताहिक सुट्टी १८९१ ला आली, म्हणजे नंतर. लोखंड्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनकडे ना नोंदणी होती, ना वर्गणीदार सभासदांची यादी, ना कायद्याचं कवच. तिच्यामागे गर्दी तेवढी होती.

पुढच्या पन्नास वर्षांत सरकार हळूहळू मालक आणि कामगार यांच्या मधोमध येऊन बसलं. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. समेटाची लांबलचक प्रक्रिया पुरी व्हायच्या आत संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षेस पात्र, असा त्याचा गाभा होता. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला. विधिमंडळात आंबेडकरांचा युक्तिवाद असा होता की संप हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे त्याला गुलाम करणं, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. आंबेडकर मुक्त बाजारवादी नव्हते. मजूरमंत्री म्हणून युनियनला सक्तीची मान्यता देणारं विधेयक त्यांनीच १९४३ मध्ये आणलं. पण १९३८ चं ते भाषण करारस्वातंत्र्याच्या पायावर उभं आहे, आणि आपल्याकडच्या बाजारवाद्यांनी ते फारसं वापरलं नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग आला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, गिरणगावच्या भाषेत ‘बीआयआर’. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबईचे मजूरमंत्री होते. अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनमधली लवादाची परंपरा ते सोबत घेऊन आले होते. कायद्याचा सांगाडा असा: एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन. ठरावीक टक्के सभासद दाखवले, पुढे ही अट २५ टक्क्यांची झाली, की बोलणी करण्याचा हक्क त्या एकाच युनियनला. बाकीचे ७५ टक्के कुणाच्याही मागे असोत. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान काँग्रेसशी जवळीक असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला आणि दशकानुदशकं टिकला.

मक्तेदारीला विरोध हा ज्यांच्या विचाराचा प्राण, त्यांनी या कायद्यावर तुटून पडायला हवं होतं. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईतच फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं. १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला. त्यात मिनू मसानी होते, जे तरुणपणी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते. या मंडळींचा सगळा रोख परवाने, कर, राष्ट्रीयीकरण आणि सहकारी शेती यांवर राहिला. गिरणीमालकांना तर बीआयआर सोयीचाच होता: नेमस्त युनियन, एकच टेबल, बाकीचे कायद्याने गप्प. उलट सरकारी लवादावर पहिला मोठा हल्ला चढवला तो एका कामगार पुढाऱ्याने. केंद्रीय मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांचं मत होतं की दोन्ही पक्षांनी आपसांत सौदा करावा, लवादाची सवय लागली की दोघेही पांगळे होतात. बँक कर्मचाऱ्यांच्या लवादाच्या निवाड्यात सरकारने फेरफार केले म्हणून १९५४ मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडले.

बीआयआरची किंमत १९८२ मध्ये वसूल झाली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेल्या) कामगारांना कायम करणं या मागण्या होत्याच, पण बीआयआर रद्द करा ही मागणीही तितकीच मोठी होती. इंजिनिअरिंग कारखान्यांत हा कायदा लागू नव्हता, तिथे सामंतांनी घसघशीत करार करून दाखवले होते. गिरण्यांत मात्र मालकांना म्हणता आलं की आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलू शकतो. कामगार एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे, असा तो पेच होता. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘जहाल युनियनने गिरण्या बुडवल्या’ असं या संपाबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. यंत्रं जुनी झाली होती, कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, आणि गिरणीखालच्या जमिनीला गिरणीपेक्षा जास्त मोल येऊ लागलं होतं. बोलणी करणाऱ्याची निवड कामगारांच्या हातात असती तर तोडगा निघालाच असता, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण निघण्याचा रस्ता कायद्याने बंद होता, हे नक्की.

आता परवानगीकडे. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कपातीची भरपाई आली: नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. यावर बाजारवाद्यांची फारशी तक्रार नव्हती. किंमत मोजा आणि निर्णय घ्या, हे त्यांच्या तर्कात बसतं. आणीबाणीत मात्र चित्र पालटलं. संप दडपलेले, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलेला. अशा वेळी १९७६ मध्ये कायद्यात प्रकरण ५-ब घालण्यात आलं. कारखाने, खाणी आणि मळे यांत ३०० किंवा जास्त कामगार असतील तर ले-ऑफ (कामगारांना तात्पुरतं घरी बसवणं), कपात आणि बंद या तिन्हींसाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. कामगारांकडून एका हाताने जे काढून घेतलं, त्याच्या बदल्यात दुसऱ्या हाताने हे दिलं, असं मला दिसतं.

मुंबईतल्या एक्सेल वेअर या निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कंपनीत साधारण ४०० कामगार होते. तिने बंदची परवानगी मागितली, सरकारने नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, आणि बंदविषयीचं कलम घटनाबाह्य ठरवलं. बाजारवाद्यांचा हा सर्वांत मोठा कायदेशीर विजय, पण अल्पायुषी. १९८२ च्या दुरुस्तीने ते कलम नव्या शब्दांत परत आलं आणि मर्यादा ३०० वरून १०० वर उतरली. अंमल ऑगस्ट १९८४ पासून. पुढे १९९२ आणि २००२ च्या निकालांत न्यायालयाने कपात आणि बंदची ही कलमं वैध ठरवली.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. परवानगीशिवाय कुणी कारखाना बंद करू शकणार नाही असा कायदा कडक होत होता, नेमकं तेव्हाच गिरणगाव बंद पडत होतं. १९८३ मध्ये सरकारला १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घ्यावं लागलं. इतर ठिकाणी वीजबिल थकवणं, पगार लांबवणं, कंपनी ‘आजारी’ जाहीर करणं, नव्वदच्या दशकात व्हीआरएस, अशा वाटांनी बंद होतच राहिले. परवानगी नाकारली म्हणून कामगारांना काम मिळालं असं नाही. अनेकांना तर वर्षानुवर्षं देणीही मिळाली नाहीत. इथे बाजारवाद्यांचं म्हणणं मला पटतं: बाहेर पडायचा सरळ दरवाजा बंद केला की लोक खिडकीतून जातात, आणि जाताना हिशेब चुकता करत नाहीत.

नव्या भरतीवर परिणाम झाला का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठी जुंपली. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातल्या १९५८ ते १९९२ मधल्या राज्यवार दुरुस्त्या तपासून निष्कर्ष काढला की कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीतलं उत्पादन आणि रोजगार मागे पडले. जगदीश भगवती आणि अरविंद पानगढिया यांनी ही बाजू जोरात मांडली. आदित्य भट्टाचार्जी यांनी या अभ्यासातल्या वर्गवारीवरच बोट ठेवलं: एखाद्या दुरुस्तीच्या जोरावर गुजरातसारखं राज्य कामगारधार्जिणं ठरत असेल, तर मोजपट्टीच सदोष आहे.

आकडेवारीच्या या वादापेक्षा एमआयडीसीच्या गेटवर जे दिसतं ते जास्त बोलकं आहे. वर्षात २४० दिवस भरले की नोकरी सलग धरली जाते, म्हणून सात महिन्यांनी ‘ब्रेक’. परमनंट कमी, कंत्राटी आणि ट्रेनी जास्त. संघटित कारखानदारीत शतक बदलताना साधारण पाचातला एक कामगार कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. कायद्याने जो किल्ला बांधला, त्याच्या आत थोडे आणि तटाबाहेर बहुतेक. शरद जोशींनी शेतकऱ्यांच्या संदर्भात ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी फाळणी मांडली होती; कारखान्याच्या आवारात ती दोन रंगांच्या गणवेशांत दिसते.

सरकारांना हे कळत नव्हतं असं नाही. २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी मर्यादा १,००० वर न्यायची आणि भरपाई १५ वरून ४५ दिवसांची करायची, असा प्रस्ताव ठेवला. तो बारगळला. २०१४ मध्ये राजस्थानने आपल्यापुरती मर्यादा ३०० केली, आणि संसदेने २०२० मध्ये तोच आकडा संहितेत घातला. भरपाई १५ दिवसांचीच राहिली. कपात झालेल्यांसाठी मालकाने आणखी १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं, एवढी भर पडली.

शुद्ध बाजारवादी कसोटी लावली तर ही संहिता विचित्र दिसते. परवानगीचं तत्त्व कायम आहे, फक्त रेघ सरकली. ५१ टक्के सभासद असलेली युनियनच एकमेव वाटाघाटी करणार, म्हणजे बीआयआरची कल्पना मोठ्या टक्क्यासह परत आली. आणि पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती असलेली संपाच्या नोटिशीची सक्ती आता प्रत्येक उद्योगाला लागू आहे, किमान १४ दिवसांची. मालकाला मोकळीक आणि कामगाराच्या काम थांबवण्यावर जास्त बंधन, याला मुक्त करार म्हणता येत नाही. पण उद्योगसंघटनांच्या स्वागतपर निवेदनांत त्याबद्दल खंत शोधूनही सापडणार नाही. विरोध फक्त डाव्यांचा आहे असंही नाही. २०२० मध्ये संघपरिवारातल्या भारतीय मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या संहिता स्वीकारल्या, पण औद्योगिक संबंध संहितेवर आक्षेप घेतले.

३०० च्या त्या कलमातच आणखी एक वाक्य आहे: संबंधित सरकार, म्हणजे केंद्र किंवा राज्य, अधिसूचना काढून ही संख्या वाढवू शकतं. आजवर हा आकडा हलवायला विधिमंडळात किंवा संसदेत दुरुस्ती आणावी लागे आणि तिच्यावर चर्चा होई. यापुढे राजपत्रातली एक नोंद पुरेल, आणि गुंतवणूक खेचण्यासाठी शेजारच्या राज्यापेक्षा चार पावलं पुढे राहायची प्रत्येक राज्याची धडपड आधीपासूनच सुरू आहे.