ब्रेक मारून गुण वाढतात का?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सध्या नवी चढाओढ आहे: कुणाच्या इलेक्ट्रिक गाडीचा इको-स्कोर, म्हणजे काटकसरीने चालवल्याबद्दल गाडीच देते ते गुण, किती. परवा शेजारचे काका ९१ दाखवून गेले. मी ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या कोंडीतून रडतखडत आलो, ५८. "अरे, ब्रेक मारत जा," काका म्हणाले, "ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते!"

अर्धं खरं आहे.

मोटर आणि जनरेटर हे एकच यंत्र. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की चाकं मोटरला फिरवू लागतात आणि तिच्यातल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. ही वीज तिला जन्म देणाऱ्या हालचालीलाच विरोध करते, हे भौतिकशास्त्रज्ञ लेन्झने १८३४ मध्येच सांगितलं होतं. म्हणून गाडी मंदावते. पण खरी गंमत पुढे आहे. बॅटरी समजा ३५० व्होल्टची आणि सिग्नलजवळ मंदावलेल्या मोटरचा विद्युतदाब जेमतेम १०० व्होल्ट. मग वीज चढावर कशी जाते? नळ झटकन बंद केला की पाइप ठोका देतो ना, तसंच. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसवलेल्या इन्व्हर्टरमधले स्विच वेटोळ्यांना क्षणभर शॉर्ट करतात, प्रवाह जोर धरतो, स्विच उघडतो. वेटोळं प्रवाहाला एकदम थांबू देत नाही, व्होल्टेज उसळतं आणि वीज बॅटरीत ढकलली जाते. सेकंदाला हजारो वेळा!

आता हिशोब. दीड टनाची गाडी ताशी ७२ किलोमीटरला असताना तिच्यात ३ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे ८३ वॉट-तास गतिज ऊर्जा असते. जाता-येता प्रत्येकी २० टक्के गळती धरली, तर बॅटरीतून १०४ गेले आणि परत आले ६६. किलोमीटरला १३० वॉट-तास खाणाऱ्या गाडीचं एका थांब्यापायी जवळजवळ ३०० मीटरचं अंतर बुडालं. सिग्नल लांबूनच लाल दिसत असेल, तर आधीच पाय हलका करावा आणि गाडी वाहू द्यावी. चाकाला डायनॅमो लावून 'कधीच चार्ज न करावी लागणारी' गाडी दाखवणारे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करावा. गाडीपुढच्या लिंबू-मिरचीचा निदान असा दावा तरी नसतो.

स्कोर हा विजेचा मीटर नव्हे. वेग किती झटक्यात वाढवला, किती करकचून थांबलात, वेग किती सम ठेवलात, अशा गोष्टींवरून कंपनी आपल्या सूत्राने तो काढते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. गाडी कापूरबावडीला तासभर अडकली आणि एसी एक किलोवॉटने चालू राहिला, तर एक युनिट गेलंच, स्कोर काहीही सांगो. आणि रात्री बॅटरी १०० टक्के भरली असेल, तर सकाळी परत येणाऱ्या विजेला आत जागाच नसते. सुरुवातीचे काही किलोमीटर साध्या ब्रेकवरच जातात.

काकांच्या ९१ चा उलगडाही झाला. ते सकाळी साडेसहाला मोकळ्या ऐरोली पुलावरून नवी मुंबईत जातात.