बूट पार्टिशनचं दुखणं जुनंच आहे

विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, इन्स्टॉलेशन बिनबोभाट पार पडलं आणि मशीन चालू केल्यावर समोर पुन्हा विंडोजच. अशा वेळी शिव्या लिनक्सला बसतात. पण या भांडणाची मुळं १९८३ मध्ये आहेत.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. सोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचा, तक्ता मांडला. सेक्टर ५१२ बाइटचा: ४४६ बूट कोडला (मशीन सुरू करणाऱ्या सूचनांना), ६४ तक्त्याला, २ खुणेला. ६४ बाइटांत नोंदी मावतात चारच. १० एमबीच्या घराला चार खोल्या म्हणजे चैनच होती.

पुढची अडचण बायोसची, म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमची. सिलिंडरचा, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या गटाचा, क्रमांक त्याला १० बिटांतच सांगता येई, त्यामुळे १०२४ सिलिंडरांपलीकडचं त्याला दिसतच नसे. आयडीई प्रकारच्या डिस्कवर ही हद्द ५२८ एमबीला यायची. डिस्क वाचणाऱ्या हेडांची संख्या फुगवून सांगायची युक्ती निघाल्यावर ती ८.४ जीबीपर्यंत सरकली. एकदा सुरू झालेलं लिनक्स बायोसला विचारत नाही, त्याला अख्खी डिस्क दिसते. पण त्याला उठवणारा बूटलोडर, लिलो (LILO), बायोसच्याच डोळ्यांनी बघायचा. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल हद्दीपलीकडे गेली, की अनेकदा स्वतःच्या नावाची चार अक्षरंही पूर्ण न उमटवता तो गप्प व्हायचा. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच कर्नलसाठी छोटंसं वेगळं पार्टिशन करायची पद्धत पडली. वेगळं बूट पार्टिशन रूढ झालं ते या नाइलाजातून. पुढे बायोस सुधारला, हद्द गेली, तरी एनक्रिप्शनसारख्या (डेटा सांकेतिक करून झाकण्यासारख्या) कारणांनी ते टिकलं.

जुन्या तक्त्याला २ टीबीच्या पुढे मोजता येत नाही. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेली ईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी पद्धत, २००५ पासून यूईएफआय म्हणून सर्वांची झाली, आणि तिच्यासोबतच्या जीपीटी तक्त्यात सहसा १२८ पार्टिशनांची सोय असते. बूटलोडर आता ईएफआय पार्टिशन म्हटल्या जाणाऱ्या फॅट पद्धतीच्या पार्टिशनवरची साधी फाइल झाला. माझ्या मते ही रचना कितीतरी सरळ आहे. घोळ झाला तो संक्रमणात, कारण बरीच वर्षं मशीन दोन्ही पद्धतींनी चालू होत. विंडोज यूईएफआयने बसलेलं आणि लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने उघडलेला असला, की ग्रब या लिनक्सच्या नव्या बूटलोडरच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. शिवाय त्या पद्धतीत जीपीटी डिस्कवर ग्रब वेगळं छोटं पार्टिशन मागतो, हे नवख्याला कोण सांगणार! आणि विंडोजने केलेलं ईएफआय पार्टिशन बहुतेकदा १०० एमबीचं. कर्नलही तिथेच ठेवणाऱ्या लिनक्सच्या वितरणांना (आवृत्त्यांना) ते पुरत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला बूटलोडर चालू न देणारी सोय, घरोघरी आलं. त्यातून वाट काढायला लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा लोडर केला आणि त्यावर सही घेतली मायक्रोसॉफ्टचीच. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम बाद ठरवले. ड्युअल बूटच्या, म्हणजे दोन्ही सिस्टीम असलेल्या, मशीनांना ते लागू होणार नव्हतं, तरी कित्येकांचं लिनक्स एका रात्रीत उघडेनासं झालं. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं.