कॉन्ट्रास्ट देऊन सिटी स्कॅन: रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'कॉन्ट्रास्टसह सिटी स्कॅन' असे लिहिले असेल, तर तपासणीच्या वेळी हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिले जाते. बोलताना सगळे त्याला 'डाय' म्हणतात, आणि त्यामुळे अंगात काहीतरी रंग सोडणार अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात ते पाण्यासारखे नितळ, फक्त किंचित चिकट असते. शिरेतून सहज जावे म्हणून आम्ही बाटली शरीराच्या तापमानाइतकी कोमट करून घेतो. साध्या स्कॅनमध्ये रक्त, स्नायू आणि यकृत जवळजवळ सारखेच करडे दिसतात. आयोडीनचा अणू जड असल्याने तो क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतो, आणि म्हणून औषध ज्या रक्तवाहिनीत किंवा गाठीत पोहोचते ती जागा चित्रात पांढरी उजळते.

जुनी औषधे रक्तापेक्षा पाच पटींहून अधिक तीव्र, म्हणजे विरघळलेल्या कणांनी दाट, असत आणि रक्तवाहिन्यांत सोडताना असह्य वेदना होत. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन यांनी १९६० च्या दशकात ही तीव्रता कमी करण्याचा मार्ग सुचवला, आणि त्यातूनच आजची नॉन-आयनिक (विरघळल्यावर विद्युतभारित कणांत न विभागणारी) औषधे आली. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक तपासण्यांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. तीत जुन्या औषधांनी १२.६६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला होता, तर नॉन-आयनिक औषधांनी ३.१३ टक्के, गंभीर त्रासाचे प्रमाण ०.२२ वरून ०.०४ टक्क्यावर आले होते.

'मला आयोडीनची ॲलर्जी आहे' हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो, आणि ते आम्हाला अपुरे वाटते. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी त्यांतील प्रथिनांमुळे होते; तिचा या औषधातील आयोडीनशी संबंध नाही. जखमेवर लावायच्या आयोडीनयुक्त तपकिरी औषधाने पुरळ आले होते, एवढ्यावरूनही तपासणी टाळायची गरज नसते. आम्हाला जे खरोखर हवे असते ते वेगळेच आहे: पूर्वी कधी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या वेळी हेच औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या का, घशात सूज आली का, श्वास अडकला का, आणि किती वेळाने? तसे घडले असेल तर दुसरे औषध निवडता येते, काही वेळा आधीपासून स्टिरॉइडच्या गोळ्या देता येतात, किंवा वेगळी तपासणी सुचवता येते. म्हणून अर्जातील तो प्रश्न घाईघाईने 'नाही, नाही' म्हणून उरकू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे ठीक असतील तर २४ तासांत ते जवळजवळ सर्व निघून जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल सोबत आणावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते अवश्य सांगावे, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये: मूत्रपिंडांचे काम बरेच कमी झालेले असेल तरच ती साधारण ४८ तास थांबवावी लागते. थायरॉइड जास्त काम करत असेल, किंवा थायरॉइडचा आयसोटोप स्कॅन (किरणोत्सारी औषध देऊन करायची तपासणी) ठरलेला असेल, तर तेही आधी कळवावे. अंगावर पाजणाऱ्या मातांनी दूध तोडण्याची गरज नाही, कारण दुधात उतरणारा अंश अत्यल्प असतो आणि बाळाच्या आतड्यातून त्यातलाही फारच थोडा शोषला जातो.

औषध यंत्राने वेगाने सोडले जाते. काही सेकंदांतच घशाशी ऊब जाणवते, तोंडाला धातूची चव येते, आणि ती ऊब ओटीपोटापर्यंत उतरते तेव्हा लघवी झाली की काय असे वाटते. ती झालेली नसते. हे सगळे मिनिटभरात ओसरते. मात्र सुईच्या जागी जळजळ झाली किंवा हात ताणल्यासारखा वाटला, तर त्याच क्षणी आवाज द्यावा, कारण औषध शिरेबाहेर झिरपत असू शकते.

स्कॅननंतर अर्धा तास आम्ही आपल्याला बसवून ठेवतो व सुई लगेच काढत नाही, कारण गंभीर त्रास झालाच तर तो बहुधा या वेळेतच होतो. त्वचेवरचे पुरळ मात्र काही दिवसांनीही येऊ शकते. तसे झाल्यास आम्हाला कळवावे. आपल्याला दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि झालेला त्रास आम्ही कागदावर लिहून देतो, आणि तो कागद पुढच्या प्रत्येक स्कॅनच्या वेळी, मग तो कुठेही असो, सुई टोचण्यापूर्वी दाखवावा.